भुताला दादाचा आवाज

परवा सलीमशी माझं वाजलंच. दर्यापुरातल्या त्याच्या दुकानात आम्ही कंप्युटरवर भुताचा गेम खेळतो. माझ्या दादानं त्याचा मॉड, म्हणजे गेमची घरगुती बदललेली आवृत्ती, बनवून भुताला स्वतःचा आवाज दिला होता. मागे लागलं की भूत ओरडतं, "पळून काहून राहिला बे? जेवून जा!" आधी सगळे हसायचे. दादा वारला, तेव्हापासून कोणी हसत नाही.

सलीम म्हणाला, "मॉड काढून टाकतो यार. अंगावर काटा येते. तू रोल-प्लेइंग खेळ. तलवार घे, राजा हो."

"राजा तू हो. मॉडले हात लावून तं पाह!"

"अबे, तू पळतच नाही. भूत दरवेळी मारते न तुले!"

मी गेम पुन्हा सुरू केला.

"मारू दे. मारायच्या आधी जेवाले तं बोलावते!"