काळं कोकरू

— तो खुराक राहू द्या, आप्पा. या कोकराची आई कुठे आहे?

— सकाळच्या गाडीने खाटकाकडे. पांढऱ्या कळपात काळं कोकरू देणारी मेंढी मी ठेवत नाही. गठ्ठ्यात काळे केस निघाले की गिरणीवाला सगळी लोकर माघारी धाडतो. काळ्यावर दुसरा रंग चढतो का कधी?

— नाही चढत. आणि याचा बाप?

— बाप आपला राजा! बघ की, कापसासारखा पांढरा. त्याचा काय संबंध?

— आईइतकाच. मेंढ्यांत काळा रंग पांढऱ्याखाली दबून राहतो. कोकरू काळं व्हायला तो दोन्हीकडून यावा लागतो. एकट्या आईच्याने ते होत नाही.

— डॉक्टरीणबाई, बापाला शिकवू नका. जन्म गेला माझा मेंढ्यांत.

— मग सांगा, आजवर काढून टाकलेल्या मेंढ्यांची कोकरं कुणाची होती?

— राजाचीच. दुसरा नर ठेवलाय कुठे मी?

— म्हणजे आयांना घालवलंत आणि राजाला खुराक चालू ठेवलात.

— अगं, पण निम्म्या मेंढ्या त्याच्याच पोरी आहेत!

— त्यांतल्या कित्येकींत तो रंग असेल. नुसतं बघून कळायचं नाही.

— गाडीवाल्याला फोन लाव. म्हणावं, मेंढी परत आण.

— (फोन करून) विचारलं. उशीर झाला, म्हणाला.

(आप्पा खुराकाच्या पोत्यावर बसतात.)

— तुझ्या धाकट्या भावाला तुरुंगात नेलं, त्या दिवशी मी काय बोललो, आठवतं?

— ‘कुळाला काळिमा फासला. मामावर गेलाय कार्टा. आमच्या रक्तात हे नाही.’

— शब्दन् शब्द ध्यानात ठेवलास.

— आईने ठेवला. माणसाचा स्वभाव असा लोकरीच्या हिशेबाने उतरत नाही, आप्पा. दोष तुमच्या रक्ताचाही नाही आणि मामाच्याही नाही.

— ते ऐकूनच ती माहेरी गेली ना?

— हो.

— येईल?

— मला सांगता येणार नाही.

— एवढं शिकलीस, आणि...

— एवढं शिकले म्हणूनच अंदाज सांगत नाही.

— हे सारखं का ओरडतंय?

— आईला शोधतंय. ही दुधाची बाटली धरा.

— मी?

— घरात दुसरं आहे कोण आता?

— घे रे राजा, घे... अगं, तोंड फिरवतंय.