न थांबलेला कटर

बोम्मसंद्राच्या बसस्टॉपवर रांगेतल्या पुढच्या दोघांच्या गळ्यात विठोजींना आपल्याच कारखान्याची कार्डं दिसली.

"मुकुल, मराठीत बोल. इथे कानडी मुलखात कुणाला कळत नाही," त्यांतली मुलगी म्हणाली.

"आपल्या मुख्य प्रोग्राममधून कटर चालवणारा नवा प्रोग्राम सुरू होतो. तेवढ्यात मध्येच सिग्नल येऊ नये म्हणून मी सगळे सिग्नल अडवून ठेवले."

"बरोबरच केलंस."

"पण ती अडवणूक नव्या प्रोग्रामकडेही जाते, वेदिका. तिथे ती उठवायची ओळ मी लिहिलीच नाही."

"म्हणजे स्टॉपचं बटण दाबलं, सिग्नल गेला..."

"आणि दारातच अडकला. कटर फिरतच राहिला."

"टेस्टिंगमध्ये तर बंद होत होता!"

"तिथे मी दरवेळी किल मायनस नाइन, म्हणजे प्रोग्राम जागीच मारणारा सिग्नल, द्यायचो. तो कुणालाच अडवता येत नाही."

"बटण एकदाही दाबून पाहिलं नाहीस?"

"नाही."

"मग परवा थांबला कसा?"

"ऑपरेटरने मेन स्विच ओढला म्हणे."

"त्याला काही लागलं?"

"ते नाही विचारलं."

बस आली. विठोजींनी पट्टीतला हात छातीशी धरला.

"स्वल्प बाजूला सरा, अण्णा. मला एकाच हातानं चढायचंय."