चौथं पान

पुस्तकवाली: म्हणजे हेही परत.

लिफ्टवाला: सात दिवसांत बदलून मिळतं ना? आज सातवा आहे.

पुस्तकवाली: मिळतं. तशी पाटीच आहे, आणि ती मीच रंगवलीय, त्यामुळे मला पळवाट नाही. पण हे तिसरं बायबल, लिफ्टवाले. लोक चपलासुद्धा दोनदाच बदलतात.

लिफ्टवाला: चपला प्रश्न विचारत नाहीत.

पुस्तकवाली: पहिलं सोप्या भाषेतलं नेलंत. परत आणलंत, म्हणालात फारच स्पष्ट आहे. वीस वर्षं हे दुकान चालवतेय, स्पष्ट असणं हा दोष सांगणारं तुम्ही पहिलं गिऱ्हाईक. मग तरुणांसाठीचं दिलं. त्यात देव इतका मोकळाढाकळा बोलतो की आता खांद्यावर हात टाकेल असं वाटतं.

लिफ्टवाला: तो हात नको होता.

पुस्तकवाली: म्हणून हे अभ्यासाचं. दोन ओळी देव, खाली पाऊण पान प्राध्यापक. म्हटलं, यात तरी तुम्ही छान हरवाल.

लिफ्टवाला: तळटीप वाचली. म्हणे, इथला प्रश्न माहिती काढायला विचारलेला नाही. विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक आहे.

पुस्तकवाली: चौथ्या पानावरचा प्रश्न.

लिफ्टवाला: तुम्हाला कुणी सांगितलं?

पुस्तकवाली: पुस्तकानं. परत आलेलं पुस्तक मी टेबलावर उभं धरते आणि सोडते. जिथं जास्त दाबलं गेलं असेल तिथं ते आपोआप उघडतं. बांधणीचं काम आहे माझं, कणा बघून दुखणं सांगते. तुमची तिन्ही चौथ्या पानावर उघडली. पाचवं पान कोरं करकरीत. पुढे हजाराच्या वर पानं आहेत हो! समुद्र दुभंगतो, तटबंद्या कोसळतात, एक गाढव चक्क बोलतं. तुम्ही गाढवापर्यंतसुद्धा पोचला नाहीत.

लिफ्टवाला: चौथ्यावरून पुढे जाता येत नाही.

पुस्तकवाली: दोघे भाऊ शेतात जातात, परत एकच येतो. आणि देव त्याला दुसऱ्याचा ठावठिकाणा विचारतो. तेच ना?

लिफ्टवाला: असं भाषांतर नाही का, ज्यात विचारत नाही?

पुस्तकवाली: नऊ भाषांतरं आहेत माझ्याकडे. एकात दरडावून विचारतो, एकात हळू आवाजात. विचारतो सगळ्यांत.

लिफ्टवाला: मग हळू आवाजातलं द्या.

पुस्तकवाली: तेच तुम्ही पहिल्यांदा नेलं होतं. बसा जरा. असे जिन्यात अडकल्यासारखे उभे राहू नका. कशासाठी वाचायचंय? नुसतं स्वतःसाठी असेल तर चौथं पान सोडा आणि पाचव्यापासून सुरू करा. पहारा बसवलेला नाही कुणी.

लिफ्टवाला: वहिनीला सांगायचं असतं. दर रविवारी दुपारी. आठवडाभर मी वाचायचं, आणि रविवारी तिला सांगायचं की काय वाचलं. दादा होता तेव्हा तो सांगायचा. दादा गेल्यापासून तिला पुस्तक उघडवत नाही.

पुस्तकवाली: मग तुम्ही तीन रविवार सांगितलंत काय?

लिफ्टवाला: जग कसं तयार झालं ते. तीनदा.

पुस्तकवाली: काही बोलल्या नाहीत?

लिफ्टवाला: म्हणाली, या वेळी लवकर तयार झालं.

पुस्तकवाली: तुमच्या दादांचं जुनं बायबल त्यांनी बांधायला टाकलंय माझ्याकडे. आधी तेच तुम्हाला दिलं होतं म्हणाल्या.

लिफ्टवाला: मी सांगितलं, भाषा जुनी आहे, कळत नाही. उघडलंच नाही ते. त्यात दादाच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. तर ती म्हणाली, तुम्हाला कळेल ते भाषांतर घ्या, बाईंकडे जा. पण एक शोधून द्या म्हणाली.

पुस्तकवाली: काय?

लिफ्टवाला: एखादा माणूस विसरला, नुसता विसरला, आणि त्यानं घरच्यांचं वाटोळं झालं, तरी त्याला माफ केलं, असं कुठे लिहिलेलं आहे का. तिला दादाला माफ करायचंय. जमत नाही. फोटो उतरवून कपाटामागे ठेवलाय, भिंतीकडे तोंड करून. पोरीला सांगितलंय, बाबा विसरले म्हणून गेले. पोर सात वर्षांची आहे. बुटांच्या नाड्या तीन-तीनदा तपासते. शाळेची घंटा होऊन जाते, ही दारात वाकलेलीच.

पुस्तकवाली: दादा काय विसरले होते?

लिफ्टवाला: चौकशीच्या कागदावर लिहिलंय ते. ‘मृत कर्मचाऱ्याकडून सुरक्षा कुलूप लावण्याचे राहून गेले.’

पुस्तकवाली: त्या चारला येणार आहेत. पुस्तक न्यायला.

लिफ्टवाला: कोण, वहिनी? इथं? आता किती वाजले?

पुस्तकवाली: पावणेचार. उठू नका, बदली पुस्तक ठरलेलं नाही अजून. आणि तुम्हीच बघा जरा, घरातली वस्तू ओळखता का. त्या जुन्या पुस्तकात खुणेला फीत नव्हती, किल्ली ठेवलेली होती. मी कणा उसवायच्या आधी काढून पाकिटात घातली. पितळी, बारीक. डोक्यावर तेवीस नंबर.

लिफ्टवाला: दाखवा.

पुस्तकवाली: ही. काय झालं? पाणी देऊ?

लिफ्टवाला: ही दादाच्या खिशात होती.

पुस्तकवाली: नाही हो. पुस्तकात होती. वर्षभर तरी त्याच पानात दाबून राहिली असेल. पानावर किल्लीचा आकार उमटलाय, दातांसकट.

लिफ्टवाला: मग त्याच्याकडे नव्हतीच.

पुस्तकवाली: सांगा. मी पुस्तकवाली आहे, धर्मगुरू नाही. माझ्याकडून शिक्षाही नाही आणि सुटकाही नाही. फार तर चहा.

लिफ्टवाला: लिफ्टच्या खाली खड्डा असतो. त्यात उतरायचं तर मेन स्विच खाली पाडायचा आणि त्याला कुलूप घालायचं. जितकी माणसं आत तितकी कुलपं. ज्याचं कुलूप त्याच्याच खिशात किल्ली. आतला माणूस स्वतः वर येऊन आपलं कुलूप काढत नाही तोवर स्विच वर जात नाही. ब्रह्मदेव आला तरी जात नाही.

पुस्तकवाली: चांगला नियम आहे.

लिफ्टवाला: दादाचं कुलूप दोन वर्षांपूर्वी किल्ल्यांसकट हरवलं. नवं मागायला फॉर्म असतो. त्यावर हरवलेल्या कुलपाचा नंबर लिहायचा. नंबर कुठे असतो, तर कुलपाखाली कोरलेला.

पुस्तकवाली: म्हणजे कुलूप सापडल्यावर हरवल्याचा फॉर्म भरता येतो.

लिफ्टवाला: साहेबाला दादानं तेच विचारलं. साहेब म्हणाला, नियम मी केलेला नाही. मग आम्ही माझं एकच कुलूप दोघांत वापरायला लागलो. तेवीस नंबर. त्याला दोन किल्ल्या. एक मी घेतली, दुसरी दादाला दिली. म्हटलं, खिशात ठेव. बरं म्हणाला.

पुस्तकवाली: आणि पुस्तकात ठेवली.

लिफ्टवाला: तू आहेस ना, असंच म्हणायचा तो सगळ्याला. छत्री घेतलीस का? तू आहेस ना. त्या दिवशी काम संपलं. दादा म्हणाला, हो पुढे, पान्हा राहिलाय, उचलून आलोच. मी ऐकलं हे. ‘हो’सुद्धा म्हणालो. शिडी चढून वर आलो आणि फोन वाजला.

पुस्तकवाली: कुणाचा?

लिफ्टवाला: कंपनीचा कुठला तरी. बाई विचारत होती, आमच्या सेवेवर आपण समाधानी आहात का. एक ते दहामध्ये किती. मी म्हणालो, आठ. आणि बोलता बोलता हातानं कुलूप काढलं, खिशात टाकलं, स्विच वर केला. रोजचंच ना ते. हाताला कुणी सांगावं लागत नाही. वर पाचव्या मजल्यावर कुणीतरी लिफ्टमध्ये तळमजल्याचं बटण दाबून उभं होतं. लिफ्ट खाली आली.

पुस्तकवाली: अरे देवा.

लिफ्टवाला: ती बाई म्हणाली, आपल्या अभिप्रायाबद्दल आभार.

पुस्तकवाली: आणि चौकशीत तुम्ही सांगितलंत की कुलूप लावलंच नव्हतं.

लिफ्टवाला: साहेबानं विचारलं, कुलूप कुठे आहे? ते माझ्या खिशात मांडीला टोचत होतं. मी म्हणालो, लावायचं काम दादाचं होतं. एवढंच. एका वाक्यात झालं. पुढचं सगळं त्यांनीच लिहिलं. मी सात महिने स्वतःला सांगतोय, दादाकडे पण किल्ली होती. म्हणजे तो पण जबाबदार, निम्मा तरी. किल्ली माझ्या एकट्याकडेच होती, आता ते निम्मंही गेलं.

पुस्तकवाली: कुलूप कुठेय आता?

लिफ्टवाला: खिशात. टाकायला तीनदा पुलावर गेलो. तिन्ही वेळा कुणीतरी मासे धरत बसलेलं होतं.

पुस्तकवाली: हळू बोला. आल्या त्या.

वहिनी: झालं का हो पुस्तक, बाई? अगंबाई, भाऊजी! तुम्ही इथं? परत बदलायला आलात?

पुस्तकवाली: तिसरं परत करतायत.

वहिनी: घ्या! बूट घ्यायला गेले तरी यांचं असंच. सगळं दुकान खाली काढतील आणि जुनेच घालून घरी येतील. भाऊजी, भाषांतर कुठलंही चालेल हो. मला काय परीक्षा द्यायचीय? मी सांगितलेलं सापडलं का तेवढं सांगा.

लिफ्टवाला: नाही सापडलं.

वहिनी: इतक्या जाड पुस्तकात विसरणारा माणूस एकसुद्धा नाही? का सगळे मुद्दामच वाईट वागतात?

लिफ्टवाला: मी चौथ्या पानाच्या पुढे गेलो नाही, वहिनी.

वहिनी: असू दे. तुमचंही मन लागत नसेल. तुम्ही समोर होतात त्या दिवशी. मी निदान घरी कणीक मळत होते. बघू बाई, काय केलंत? छान झालंय. पेन्सिलीच्या खुणा नाही ना पुसल्या?

पुस्तकवाली: एकही नाही. आणि हे पाकीट. आतली किल्ली.

वहिनी: ही होय! पुस्तकातून डोकावत होती, तेव्हा मी घरातल्या सगळ्या कुलपांना लावून बघितली आणि होती तिथंच परत खोचली. आईंची ट्रंक, माळ्यावरची पेटी, पोरीची सायकल. कशालाच लागत नाही. म्हटलं, बघा, किल्ली जपून ठेवली आणि कुलूप कशाचं ते विसरले. तेव्हा तर इतकी चिडले की ताट भिरकावलं मी. रिकामं होतं. भाऊजी, तुमचा चेहरा असा काय झालाय?

लिफ्टवाला: वहिनी, ह्याला लावून बघा.

वहिनी: हे कसलं कुलूप? तेवीस. हिच्यावर पण तेवीस आहे.

(कुलूप उघडतं.)

वहिनी: लागली की. कुठं होतं हे?

लिफ्टवाला: माझ्या खिशात.

वहिनी: आत्ताचं नाही विचारत.

लिफ्टवाला: त्या दिवशी स्विचला होतं. सकाळी दादानं स्वतः लावलं. ओढून बघितलं दोनदा. मग खाली उतरला.

वहिनी: मग काढलं कुणी?

लिफ्टवाला: मी. माझ्या किल्लीनं, तो आत असताना. त्याची ही त्यानं घरीच ठेवली होती, मी आहे ना म्हणून. तो सांगून थांबला होता, आणि मी हो म्हणालो होतो.

वहिनी: सात महिने.

लिफ्टवाला: हो.

वहिनी: म्हणजे हे विसरले नव्हते.

लिफ्टवाला: नाही, वहिनी. दादा काहीच विसरला नव्हता.

पुस्तकवाली: बसता का? स्टूल आहे इथं.

वहिनी: नको. शाळा सुटेल आता. पोरीला आधी सांगायला हवं. नाडी एकदा बांधली की पुरे म्हणावं. मग घरी जाऊन तो फोटो सरळ करते. कपाट जड आहे. सरकवेन एकटी.

लिफ्टवाला: मी उद्या साहेबाकडे जातो. सगळं लिहून देतो.

वहिनी: आज जा. साडेपाचपर्यंत उघडं असतं, मला माहितीय, सात महिने खेपा घालतेय मी. कुलूप मी नेते, तिथं लागलं तर मागा. किल्ली तुम्ही ठेवा. तुमची एक आहेच, यांचीही ठेवा. यांनी तसंच ठरवलं होतं ना.

लिफ्टवाला: आणि रविवारी?

वहिनी: हे पुस्तक न्या. यांचंच न्या, दुसरं भाषांतर नको. यांच्या खुणांसकट सगळं वाचा. संपल्याशिवाय दारात येऊ नका. संपल्यावर यायचं का, ते तेव्हा विचारा. येते, बाई.

पुस्तकवाली: या.

लिफ्टवाला: गेली.

पुस्तकवाली: हो.

लिफ्टवाला: किल्ली कितव्या पानात होती?

पुस्तकवाली: पाकिटावर लिहून ठेवलंय. नऊशे अठरा.

लिफ्टवाला: दादा बराच पुढे गेला होता.

पुस्तकवाली: हं. ते तिसरं इथंच ठेवा. आणि निघा आता, साडेपाचला कचेरी बंद होते.