जोडात भोकं

वेल्डिंग मशीन दुरुस्तीच्या रांगेत माझ्या पुढे एक वयस्कर वेल्डर होते. त्यांनी मशीन मेकॅनिकपुढे ठेवलं.

“तिसऱ्यांदा आणलंय. जोडात भोकं पडतायत.”

“गॅस बरोबर येतोय, काका. वाऱ्यानं उडून जातो का?”

“पंखासुद्धा बंद ठेवतो.”

“तार गंजलीय?”

“नवी कोरी आहे.”

“मग इथंच एक जोड मारून दाखवा.”

त्यांनी मारला.

“काका, वेल्डिंगची टॉर्च जोडापासून एवढी लांब? गॅस पोचणार कसा तिथवर?”

“जवळ नेली की जोडच दिसत नाही.”

“चष्मा बदला की.”

“डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदाच गेलाय. आता चष्म्यानं भागायचं नाही.”

“मग मशीन कशाला आणता?”

“घरी सांगितलंय, मशीन बिघडलंय. ठेवून घे.”

“पावतीवर बिघाड काय लिहू?”

“काहीही लिही. फक्त पार्ट यायला वेळ लागेल, असं लिही.”