ज्यूदो कोचच्या डाव्या खांद्याबाबत

जबाब देणार: पुरुष, वय ४९ वर्षे. व्यवसाय: सार्वजनिक रुग्णालयात वॉर्डबॉय. शिक्षण: गावच्या शाळेत सातवीपर्यंत. राहणार: रुग्णालयामागील कर्मचारी वसाहत, दुसरा मजला. सध्या मुक्काम: तळ्याकाठचे लॉज, जिन्याशेजारची खोली. नाव ओळखपत्रावरून वेगळे उतरवून घेतले आहे.

मी आज रोजी स्वतः ठाण्यात येऊन, मला जे विचारण्यात आले ते नीट ऐकून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर माझ्या माहितीप्रमाणे सांगतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नीसह राहतो. आम्हास एक मुलगी असून ती लग्न होऊन तिच्या घरी आहे. रुग्णालयात मी पुरुषांच्या हाडांच्या वॉर्डात काम करतो. पेशंटला कुशीवर वळवणे, उठवून बसवणे, खुर्चीत घेणे, संडासला नेणे व परत आणणे असे माझे काम आहे. वॉर्डात पेशंटपासून डॉक्टरांपर्यंत सगळे मला मामा म्हणतात.

आम्ही चार दिवसांसाठी येथे फिरायला आलो. मागील महिन्यात वॉर्डात एका पेशंटच्या मुलाने मला मारहाण केली होती. त्यात माझा चष्मा फुटला व ओठाला टाके पडले. त्याबाबत मी तक्रार दिलेली नाही. त्या इसमाचे वडील तासाभरापूर्वीच गेले होते. मोठ्या डॉक्टरांनी मला रजा घेण्यास सांगितले म्हणून रजा घेतली.

लॉजच्या खालच्या मजल्यावर एक हॉल आहे. तेथे निळ्या मॅट अंथरलेल्या असून एक बाई ज्यूदो शिकवतात. त्यांचे वय अंदाजे पस्तीस असावे. त्यांना तेथे सर्वजण कोचताई म्हणतात. सकाळी मुलींचा वर्ग असतो व त्यानंतर लॉजच्या पाहुण्यांपैकी कोणास हवी असल्यास एकट्याची शिकवणी देतात, असे दारावरच्या पाटीवर लिहिलेले आहे. ती पाटी पत्नीने वाचली. पत्नी म्हणाली, “अहो, जा आणि शिका दोन हात करायला. रस्त्यात कुत्रं आडवं आलं तरी तुम्ही त्याला आधी वाट देता.” मी म्हटले, “त्याला घाई असते, मला नसते.” ती म्हणाली, “पुढच्या वेळी दात पाडून घेऊन याल तेव्हा मी पेज करून घालणार नाही, सांगून ठेवते.” मला कोणाला मारण्याची इच्छा नव्हती व आजही नाही. पत्नीचा जीव शांत व्हावा म्हणून मी दुसऱ्या दिवशीची शिकवणी ठरवली.

परवा सकाळी नऊच्या सुमारास मी हॉलमध्ये गेलो. मुलींचा वर्ग संपून त्या गेल्या होत्या. हॉलमध्ये कोचताई व मी असे दोघेच होतो. दार उघडे होते. कोचताईंनी मला जाड सुती जॅकेट व पट्टा दिला. मॅटवर जाण्यापूर्वी वाकून नमस्कार करायचा असतो असे त्यांनी सांगितले. मी मॅटला हात लावून तो कपाळाला लावला. त्या म्हणाल्या, “एवढा नको हो, अर्धा चालतो.” मी सांगितले की कामाच्या जागेला मी रोज असाच करतो.

मी त्यांना मॅडम म्हणत होतो. त्या म्हणाल्या, “ताई म्हणा. मॅडम म्हटलं की मला पाय जुळवून नीट बसावंसं वाटतं.” मी म्हटले, “मग तुम्ही मला मामा म्हणा. दुसऱ्या नावाला मी ओ देत नाही.”

प्रथम त्यांनी मला पडायला शिकवले. हनुवटी छातीशी घ्यायची, पाठ गोल ठेवायची आणि अंग टेकायच्या क्षणी मोकळ्या हाताने मॅटवर जोरात चापट मारायची. त्याने मार हातावर वाटला जातो व खांदा, मान वाचते. हे मला लवकर जमले. हाडांच्या वॉर्डात पडलेली माणसेच येतात, परंतु पडायचे कसे हे मी त्या दिवशी पहिल्यांदा शिकलो. मला बरे वाटत होते. हे विचारले नव्हते, तरी सांगतो.

त्यानंतर त्यांनी समोरच्याला कमरेवर घेऊन टाकण्याचा डाव दाखवला. डाव्या हाताने समोरच्याची उजवी बाही धरायची, उजवा हात त्याच्या कमरेमागून घालायचा, वळायचे, गुडघे वाकवून त्याला आपल्या कमरेवर घ्यायचे व पुढे टाकायचे. मी टाकायचे आणि त्यांनी पडायचे असे ठरले. त्या अंगाने किरकोळ आहेत. वजन उचलण्याची मला सवय असल्याने उचलण्यास काहीच अडचण आली नाही.

पहिल्या वेळी मी त्यांना कमरेवर घेतले व हळूच मॅटवर आणून ठेवले. त्या निजल्या निजल्या हसू लागल्या व म्हणाल्या, “मामा, मी काय बाळंतीण आहे का? ठेवू नका, टाका!” उठून त्यांनी मला समजावले की, “माझी उजवी बाही धरून ठेवा, तिनं मी सावरते. पण डाव्या हाताला हात लावायचा नाही. तो मला आपटायला मोकळा हवा. तो धरलात तर मी मोडेन.” मी बरे म्हटले.

दुसऱ्या वेळी माझा उजवा हात त्यांच्या डाव्या काखेकडे गेला. गती कमी असल्याने काही झाले नाही. त्यांनी मला परत थांबवले. आपला डावा हात माझ्यासमोर धरून त्या म्हणाल्या, “हा बघा. हा माझा. याला सोडायचं. काय करायचं?” मी म्हटले, “सोडायचं.” त्या म्हणाल्या, “शाबास. आता जरा जोरात.”

तिसऱ्या वेळी मी जोरात वळलो. त्या माझ्या कमरेवरून पलीकडे गेल्या. त्या क्षणी मी उजवा हात त्यांच्या कमरेवरून काढून त्यांच्या डाव्या काखेत घातला व दंड घट्ट धरला. डाव्या हातात त्यांची उजवी बाही होतीच. अशा रीतीने त्यांचे दोन्ही हात माझ्याकडे अडकले. मी गुडघे वाकवून त्यांच्यासोबत खाली बसू लागलो, परंतु वेग जास्त असल्याने त्या डाव्या खांद्यावर आपटल्या व त्यावर माझे वजन आले. हाड मोडल्याचा आवाज मला ओळखता येतो.

मी असे का केले असे मला विचारण्यात आले. त्याबाबत सांगतो की, वॉर्डात पेशंट घसरला तर त्याला वर ओढायचे नसते. काखेत हात घालून, आपले अंग त्याला लावून, त्याच्याबरोबर जमिनीवर बसायचे असते. हे मला नोकरीच्या सुरुवातीस वॉर्डच्या सिस्टरांनी शिकवले व नवीन येणाऱ्यांना आता मी शिकवतो. आजपर्यंत माझ्या हातून पेशंट पडलेला नाही. तसेच माणूस उचलताना मी मनात देवाचे नाव घेतो आणि नाव पुरे झाल्याशिवाय हात काढत नाही. त्या वेळी नाव पुरे झाले नव्हते. हे लिहायचे की नाही ते हवालदारसाहेबांनी ठरवावे.

कोचताई ओरडल्या नाहीत. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मी माझा पट्टा सोडून त्यांचा हात छातीशी बांधला व लॉजच्या मॅनेजरला हाक मारली. मॅनेजरने गाडी काढली. गाडीत त्या मला म्हणाल्या, “मामा, तुम्ही थरथरू नका हो, मला हादरे बसतात.” तेथील डॉक्टरांनी फोटो काढून खांद्याचे हाड दोन ठिकाणी मोडले असल्याचे व ऑपरेशन करावे लागणार असल्याचे सांगितले. हात पूर्वीसारखा डोक्यावर जाईल का असे कोचताईंनी विचारले. डॉक्टर म्हणाले, नंतर बघू. आमच्याकडचे डॉक्टरही तसेच म्हणतात व केव्हा म्हणतात ते मला माहीत आहे. दुखापत दुसऱ्या माणसाच्या हातून झालेली असल्याने डॉक्टरांनी ठाण्यास कळवले.

त्याच दिवशी संध्याकाळी मॅनेजर आमच्या खोलीत आला. पत्नी हजर होती. तो म्हणाला, “तुम्ही पाहुणे आहात, तुम्हाला कशाला ताप? पोलिसांनी विचारलं तर एवढंच सांगा, बाईंनी काही न सांगता पहिल्याच दिवशी आपटाआपटी करायला लावली.” मी म्हटले, “पण त्यांनी सांगितलं होतं.” तो म्हणाला, “कुणी ऐकलंय? आत तुम्ही दोघंच होता ना?” मालकांना तो हॉल जेवणाच्या टेबलांसाठी हवा आहे आणि शिकवणीत कोचच्या हलगर्जीने कोणास इजा झाली तर हॉल काढून घ्यायचा असे कोचताईंशी आधीच ठरलेले आहे, ही माहितीही त्यानेच दिली. मी त्यास चहा विचारला. त्याने तो घेतला नाही.

तो गेल्यावर पत्नी म्हणाली, “तो माणूस मलाही आवडला नाही. पण अहो, पोलीस केस झाली तर तुम्हाला कामावर ठेवतील का? पेशंटला हात लावू देतील का?” थोड्या वेळाने ती म्हणाली, “शिकायला मीच पाठवलं तुम्हाला.” मी म्हटले, “पाठवलंस ते चांगलंच केलंस. पडायला तरी आलं.” ती हसली नाही.

काल सकाळी मी एकटा रुग्णालयात जाऊन कोचताईंना भेटलो. त्यांनी मला सांगितले की ठाण्यातून माणूस येऊन त्यांचा जबाब घेऊन गेला असून, सूचना देण्याचे आपल्याकडून राहून गेले असे त्यांनी त्यात सांगितले आहे. मी म्हटले, “ताई, असं कसं? तुम्ही दोनदा सांगितलंत.” त्या म्हणाल्या, “मॅटवर जे होतं ते शिकवणाऱ्याचं. शिकणाऱ्यावर ढकलायचं नसतं. माझ्या गुरूंनी मला असंच शिकवलंय.” मी विचारले, “आणि हॉल?” त्या म्हणाल्या, “दुसरा बघीन.” मी विचारले, “या हातानं?” त्या म्हणाल्या, “मामा, तुम्ही फार बोलता.” नंतर काही वेळ त्या भिंतीकडे तोंड करून होत्या.

त्यांना पाणी हवे होते. सिस्टर दुसरीकडे गुंतल्या होत्या. मी पलंगाची डोक्याकडची बाजू वर केली. त्यांना स्वतः उठता येईना. मी विचारले, “धरू का?” त्या म्हणाल्या, “आता धरा.” मी त्यांना उजव्या बाजूने आधार देऊन बसवले, पाणी पाजले व उशी नीट केली. सकाळच्या वर्गातल्या मुली येऊन हॉलच्या बंद दाराशी उभ्या राहिल्या होत्या का, असे त्यांनी मला विचारले. मी हो म्हणून सांगितले. एक मुलगी जॅकेट घालूनच आली होती, हे मी सांगितले नाही.

कोचताईंचा जबाब मला आज ठाण्यात वाचून दाखवण्यात आला. त्याबाबत माझे म्हणणे असे की, त्यांनी इतर सर्व खरे सांगितले आहे, परंतु सूचना दिली नाही हे सांगणे खरे नाही. डाव्या हातास धरू नये असे त्यांनी मला दोन वेळा स्पष्ट सांगितले होते. मला ते ऐकू आले होते, समजले होते व मी ते तोंडाने परत बोलूनही दाखवले होते. त्यांच्या शिकवण्यात कोणतीही कसूर नव्हती. त्यांचे माझ्याशी किंवा माझे त्यांच्याशी पूर्वीचे काही नाते, ओळख अथवा वैर नाही. मी त्यांना मुद्दाम इजा केलेली नाही. परंतु सोडायला सांगितलेला हात मी सोडला नाही.

मॅनेजरचा माझ्यावर राग असल्यास मला माहीत नाही. माझा त्याच्यावर नाही.

वरील मजकूर हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात कोचताईंनी दोन वेळा सूचना दिल्याचा मजकूर कोठेच नव्हता. मी ते दाखवून दिले. हवालदारसाहेब म्हणाले, “मामा, बाई तुमच्या बाजूनं बोलल्या आहेत. तो मजकूर नसला तर तुम्ही आज संध्याकाळच्या गाडीनं घरी जाता. घातला तर चौकशी होईस्तोवर इथंच राहावं लागेल, आणि तुमच्या रुग्णालयाला पत्र जाईल.” मला हे समजले. मी तो मजकूर जागच्या जागी घालण्यास सांगितले व त्यांनी तो माझ्यासमोर घातला. त्याशेजारी मी वेगळी सही केली आहे. पत्नी बाहेर बाकावर बॅगा घेऊन बसली आहे. तिला आज एकटीने जावे लागेल हे मी तिला स्वतः सांगेन.

त्यानंतर संपूर्ण जबाब मी पुन्हा पहिल्यापासून वाचून घेतला. आता तो मी सांगितला तसाच आहे. त्यात काही कमी नाही.