क्रूडची मोटार, पेट्रोलची मोटार आणि आमची हौसा

नाही, पण मला एवढंच सांगा, बाईमाणसाला भुसाराच्या काट्यावर चढवतात का कुठं? ज्वारीची पोती चढवतात, शेंगा चढवतात, गुळाच्या ढेपा चढवतात... मला चढवलं! भर सकाळी, भोसरीत, नाशिक रस्त्याला लागून मालोजी भुसाऱ्याचं दुकान आहे ना, तिथं! पदर दातात धरून मी त्या पारड्यात उभी, आणि दुसऱ्या पारड्यात मालोजी मापं टाकतोय... टाकतोय... टाकतोच आहे! शिवाय आत गड्याला ओरडून विचारतो, "अरे, अजून एखादं मोठं माप आहे का रे?" किती भरले ते मी सांगणार नाही. मेले तरी सांगणार नाही. आणि हे कधी? तर तिकडं सासरी, निघोज्यात, माझी पोटची पोर कळा देत असताना!

हसू नका हो. तुम्हाला सांगते, त्या दिवशी माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं होतं... थांबा, पहिल्यापासून सांगते.

आमच्या घरी एक मोटार. अमेरिकन, लढाईच्या आधीची, पेट्रोलवर चालणारी. माझे थोरले भावजी हिंदुराव आणि आमचे हे, म्हणजे उद्धवराव, दोघं सख्खे भाऊ, मिळून ती भाड्यानं चालवायचे. पुणं स्टेशन ते चाकण. सकाळी एक, दुपारी दुसरा. कधी भांडण नाही, तंटा नाही, एका ताटात जेवायचे हो! आणि एक दिवस आमचे हे पुण्याहून आले ते दुसरीच मोटार घेऊन. म्हणजे बाहेरून मोटार, आत मात्र मिलिटरीच्या लिलावातलं कसलंसं दांडगं इंजिन. क्रूडवर चालणारं! डिझेल म्हणतात ना शिकलेली माणसं, तेच. कॅम्पातल्या इब्राहिम मिस्त्रींनी बसवलेलं. ते म्हणाले होते, "उद्धवराव, दोन-तीन महिने चालवून बघा. पटली तर जुनी विका आणि ही ठेवा. नाही पटली तर माझी मला आणून द्या." माणूस सरळ बोलला. पण आमच्या घरात सरळ काही शिरतं का?

त्या दिवसापासून घरात एकच जप... मैलाला काय पडतं? सकाळी उठलं की मैलाला काय पडतं, जेवायला बसलं की मैलाला काय पडतं! आमचे हे म्हणायचे, "क्रूड निम्म्या भावात मिळतं आणि दुप्पट पळतं. पेट्रोलला मैलाला चार आणे, क्रूडला एक आणा!" की लगेच भावजी, "आणि रोज सकाळी ढकलायला चार गडी लागतात, त्यांचा चहा कोण धरणार? बॅटरी दर दोन महिन्यांनी मान टाकणार, तिची किंमत कोण धरणार? नोझल तुंबलं की तीन दिवस गाडी दारात, त्या भाड्याचं काय?" की हे, "तुमच्या गाडीला पाण्यासारखं पेट्रोल लागतं!" की ते, "तुझ्या गाडीत बसलेल्या माणसाचे दात मोजून घ्यावे लागतात!"

ते मात्र खरं होतं. ती गाडी सुरू झाली की आमच्या फडताळातली भांडी आपोआप खाली यायची. शेजारच्या पारूबाईंच्या गाईनं दूध चोरलं! आणि धूर? वाळत घातलेलं धोतर संध्याकाळी काळं चौकडीचं!

शेवटी दोघं भाऊ बोलेनासे झाले. भावजी माझ्याशी थेट बोलत नाहीत, धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायची आमच्यात रीत नाही. आता भावाशीही बोलेनात. मग बोलायचं कुणाशी? खांबाशी! जेवता जेवता खांबाकडं बघून म्हणायचे, "कुणाला आमटी हवी असेल तर घ्या म्हणावं. आमटीला काही मैलाला पडत नाही."

आणि यात माझी हौसा अडकली. पहिलटकरीण पोर. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, सातवा सरला की तिला आणायची, एवढं तरी खरं ना? आणायला जायचं ठरलं. पण कुठल्या गाडीनं? हे म्हणतात, "माझी लेक, माझ्या गाडीनं." भावजी खांबाला सांगतात, "त्या दगडी जात्यात पोरीला बसवली तर ती मोशीतच मोकळी होईल." आठवा सरला. जाऊबाई म्हणाल्या, "पुढल्या सोमवारी आणू." सोमवार आला, गेला. दारात दोन दोन मोटारी उभ्या आणि पोर सासरी! मी म्हणलं बैलगाडीनं आणते. तर दोघं एकदम, हे माझ्याकडं बघून आणि भावजी खांबाकडं बघून, "मोटारवाल्याची लेक बैलगाडीतून येणार?" तेवढ्यापुरते बघा कसे एक झाले!

आणि मग त्या दिवशी सकाळी जावई आले. ज्योतीराम. पिंपरीच्या पेनिसिलिनच्या कारखान्यात आहेत, शांत माणूस. सायकल हाणत आले, घामानं निथळलेले. "मामी, पहाटेपास्नं कळा सुरू हायेत. तुमाला बोलावलंय. लवकर या." एवढं बोलून माघारी वळले पण! पाणीसुद्धा घेतलं नाही.

मी पायात वहाणा घातल्या, बाळंतिणीचं गाठोडं काखेला मारलं आणि दारात येऊन उभी राहिले. म्हणलं, "चला! कुठलीही काढा!"

कुठलीही काढा! हा शब्द माझ्या तोंडून गेला आणि दोघांच्या डोळ्यात काय चमकलं म्हणता... हे म्हणाले, "दोन्ही काढू." भावजी खांबाला म्हणाले, "नाही तरी जायचंच आहे. एकाच रस्त्यानं, एकाच वेळी. होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष. मैलाला काय पडतं ते निघोज्यात कळेल."

मी ओरडले हो! म्हणलं, "पोर तिकडं तडफडतेय!" तर हे, "अगं, जातोच आहोत ना? जाता जाता होतंय." मग दोन्ही टाक्या रिकाम्या केल्या. एकीत मोजून पेट्रोल, दुसरीत तेवढंच मोजून क्रूड. मग भावजींना आठवलं, वजनही सारखं पाहिजे! एका गाडीत मी बसणार, दुसरीत जाऊबाई. आणि आमच्या जाऊबाई कुसुमताई म्हणजे कशा, वाऱ्यानं पदर उडाला तर मागोमाग त्याही जातील. म्हणून तो काटा! तेव्हा पारड्यात चढवलं मला. आणि हिशेब निघाला असा, की जाऊबाई अधिक एक कांद्याचं पोतं बरोबर मी. जाऊबाई त्या पोत्याला खेटून अशा ऐटीत बसल्या... जाऊ द्या.

निघालो. मला वाटलं आता तरी पळेल. अहो, कसली पळतेय! तेल कमी जाळायचं ना? मग हळू चालवायची! दोघंही हळू! हा त्याच्याकडं बघतोय, तो ह्याच्याकडं बघतोय, जो जोरात जाईल तो हरेल! मोटारींची शर्यत बघितलीत तुम्ही, पण मागं राहायची शर्यत बघितलीत? मोशीचा उतार लागला की भावजी इंजिनच बंद करायचे, गाडी आपली घरंगळत, भुतासारखी. आमच्या ह्यांना तेही जमेना, कारण ही एकदा बंद पडली की सुरू व्हायची नाही! तशी धडधडत धडधडत, माझी हाडं खिळखिळी करत, इंद्रायणीच्या पुलावर आलो. मी म्हणते, "अहो, जरा दाबा!" हे म्हणतात, "दाबलं की जास्त पितं." मी म्हणते, "निदान समोरच्या म्हशीला भोंगा द्या!" हे म्हणतात, "भोंग्याला बॅटरी लागते." म्हैस बाजूला व्हायची वाट बघत बसलो! म्हशीला कसली घाई?

चिंबळीजवळ एक बैलगाडी मागनं आली. मागनं! आणि पुढं गेली! गाडीवाला भैरू, निघोज्याचाच. बैलांना थोपवून विचारतोय, "काय वो पावणं, बिघडली का काय मोटर?" तुम्हाला सांगते, त्या क्षणी मला रडू फुटलं. म्हणलं, "भैरूभाऊ, थांबा!" आणि दार उघडलं. तर हे काय म्हणाले माहीत आहे? "उतरू नको! वजन कमी होईल!"

उतरले. चालत्या गाडीतनं उतरले, तेवढी हळू होती ती! बैलगाडीत बसले, भैरूनं बैलांच्या शेपट्या पिळल्या, आणि दोन्ही मोटारी मागं धुरळ्यात ठेवून मी निघोज्यात पोचले.

आता हसणं बंद करा... खरंच.

आत गेले तर हौसा पांढरीफटक. ओठ चावून चावून रक्त आलेलं. माझा हात धरला तिनं. नूरबी सुईण उशाशी होती. त्या गावातली अर्धी पोरं तिच्या हातावर झालेली, तोंडात सदा हसू असलेली बाई. ती हसत नव्हती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "कौशल्याबाई, बाळ आडवं हाय. माझ्या हातात न्हाई आता. तळेगावच्या दवाखान्यात न्या. लगोलग न्या."

मी अंगणात आले. तेवढ्यात पोचले होते दोघे. दोन्ही गाड्या बंद, आणि दोघं भाऊ दोन टाक्यांत दोन काठ्या बुडवून ओणवे! आमच्या ह्यांनी गाडी बंद केली होती, का? तर चालू असली की तेल डचमळतं, काठीला नीट माप लागत नाही! हे ओरडतात, "बघा! निम्म्याहून जास्त शिल्लक!" भावजी काठी उन्हात धरून म्हणतात, "खांब कुठाय इथं?"

मी म्हणलं, "हौसा जातेय."

एवढंच म्हणलं. दोघांच्या हातातल्या काठ्या खाली पडल्या.

भावजींनी हँडल मारलं, अर्ध्या फेऱ्यात पेट्रोलची गाडी सुरू. पण टाकीत घोटभर पेट्रोल, तळेगाव कसलं, महाळुंग्याचा ओढा ओलांडला नसता तिनं! आणि निघोज्यात पेट्रोल कुठलं? इकडं ह्यांच्या गाडीत तळेगावला जाऊन यायला पुरेल एवढं तेल, पण सुरू होईना! हे हँडल फिरवतायत, अंगठा सोलून निघाला, जावई फिरवतायत, गडी ढकलतायत, आणि ती ढिम्म. आतनं हौसाची किंकाळी. आमचे हे, तुम्हाला सांगते, त्या गाडीच्या नाकावर डोकं टेकून रडले. लहान पोरासारखे. "दादा," म्हणाले, "दादा, काहीतरी कर रे."

किती आठवड्यांनी दादा म्हणाले होते!

आणि भावजी माझ्याकडं वळले. खांबाकडं नाही, माझ्याकडं! "कौशल्या, पोरीला उचलून मागं बसव. ज्योतीराम, विहिरीवरचा नाडा आण. पळ!"

मोटेचा तो जाडजूड नाडा पेट्रोलच्या गाडीच्या मागं बांधला, दुसरं टोक ह्यांच्या गाडीच्या पुढं. आम्ही हौसाला आत घेतलं, नूरबी एका बाजूला, मी दुसऱ्या. भावजींनी ओढलं. एक हिसका... काही नाही. दुसरा हिसका... खोकली नुसती. भावजी खिडकीतनं मान काढून ओरडतायत, "उद्धवा, आता सोड क्लच!" आणि तिसऱ्या हिसक्याला... धड! धड! धडधडधड! जन्मात मला तो आवाज गोड वाटला नव्हता, त्या दिवशी वाटला.

आणि तेवढ्यात भावजींच्या गाडीतलं पेट्रोल संपलं. घोटभर होतं ते ओढण्यात गेलं. भावजींनी ती तशीच रस्त्यात सोडली, दार उघडं, आत जाऊबाई आणि कांद्याचं पोतं. नाडा कोयत्यानं तोडला आणि ह्यांच्या गाडीच्या पायरीवर उडी मारली. ज्या गाडीला हात लावत नव्हते, तिला लोंबकळून निघाले! "दाब उद्धवा!" "दाबतोय दादा!" "अजून दाब!" धूर असा, की मागचं महाळुंगं दिसेना. गाई, शेळ्या, माणसं... भावजी टोपी हलवून ओरडतायत, "सरका! सरका! आमची पोर हाय आत!" मी हौसाचं डोकं मांडीवर घट्ट धरलेलं, आणि नूरबी एकीकडं अल्लाचं नाव घेतेय, मी खंडोबाचं.

पोचलो. डॉक्टरीणबाईंनी हौसाला आत घेतलं आणि दार लावलं. मग व्हरांड्यात आम्ही. दोघं भाऊ एका बाकावर, मधे एक वीतभर जागा. काही वेळानं तीही राहिली नाही. सायकलवरनं जावई आले, तेही शेजारी बसले. ह्यांनी उगीच काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं, "दादा, आजचं धरलं तर मैलाला..." भावजींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "मरू दे रे ते."

मग आतनं रडण्याचा आवाज आला. बारीक, चिडका, जोरदार. मुलगी. आणि हौसा? वाचली हो. डोळे उघडून मला म्हणाली, "आई, एवढा उशीर का गं केलास?"

तर असं झालं. आता तुम्हाला वाटेल, सुटलं गणित. मलाही वाटलं. घरी आलो, आणि तिसऱ्या दिवशी दोघं भाऊ एका ताटात जेवायला बसले. एकमेकांशी बोलतायत, हसतायत. माझं मन भरून आलं. आणि मग भावजी म्हणाले, "उद्धवा, मी विचार केला. त्या दिवशी तुझ्या गाडीनं पोर वाचवली. ही गाडी परत द्यायची नाही." मी मनात म्हणलं, देवा, सुटले. तेवढ्यात हे म्हणाले, "दादा, पण तुझ्या गाडीनं ओढली म्हणून माझी सुरू झाली. तुझी विकायची नाही."

आणि दोघांचं एकमत झालं! तेव्हापासून रोज सकाळी पेट्रोलची गाडी क्रूडच्या गाडीला ओढून सुरू करते. पेट्रोलही जळतं, क्रूडही जळतं, दोन बॅटऱ्या, दोन गाड्यांची टायरं, आणि भाडं मात्र पूर्वीएवढंच, कारण चाकणला जाणारी माणसं काही दुप्पट झाली नाहीत! आणि घरात आता हिशेबाचा शब्द काढायचा नाही. काढला की दोघंही एकदम माझ्यावर, "तुला पोरीच्या जिवापेक्षा पैसा मोठा झाला का?"

परवा बारसं होतं निघोज्यात. दोन्ही गाड्या हार घालून दारात उभ्या. दोघं भाऊ दोन दारं उघडून हसत हसत मला म्हणतायत, "या, बसा! कुठं बसणार?"

मी बारशाचं बाळलेणं पदराखाली घेतलं, नाशिक रस्त्याला गेले, हात केला आणि यष्टीत चढले. बसायला जागा नव्हती, निघोज्याच्या कुरुळी फाट्यापर्यंत उभी राहून गेले. पण तुम्हाला सांगते, ती गाडी कशावर चालते, हे मी कंडक्टरला विचारलं नाही.