बाज्याच्या घरचा विस्तव

(म्हसावदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याचं एक गाव. १९३४ सालचा हिवाळा. या गावात येशूला मानणारी घरं दोनच, एक बाज्याचं आणि एक झिपरूचं. बाज्या हात मोडून तळोद्याच्या दवाखान्यात पडला आहे. घरी त्याची मिशनच्या शाळेत शिकलेली बायको रमिलाबाई आणि म्हातारी आई फुलवंताबाई. कलत्या दुपारी, गाव अजून शेतावरच आहे हे बघून, झिपरू मागच्या परसातून वाकून आत शिरला आहे. आल्या पावली परत फिरायचं, हे तो घरून ठरवूनच निघाला होता.)

फुलवंताबाई : मीठ ठेव तठे आणि बस जरासा. येवढा वाकीसन उना, कंबर मोडनी व्हई तुन्ही.

झिपरू : नही काकी, बसत नही. कोनी दखं तर उगाच तुमले तरास.

फुलवंताबाई : आमले आजून कोनता तरास बाकी शे रे? बठा, सगळा तरास व्हई गयात.

रमिलाबाई : बसू द्या त्यांना, आत्याबाई. दादा, मीठ आणलंत, फार बरं केलंत. मागचं संपून चार दिवस झाले. आळणी भाकरी घशाखाली उतरत नाही.

झिपरू : छगनलाल शेठनी काडीपेटी दिधी का?

रमिलाबाई : नाही. बाजारच्या दिवशी दुकानापुढं उभी राहिले, तर त्यांनी मानच वर केली नाही. म्हणाले, "बाई, दवंडी तुम्हीही ऐकलीत, मीही ऐकली. मला या गावांतच धंदा करायचा आहे." मला त्यांचीच कीव आली.

फुलवंताबाई : दवंडी. मन्हा कानमा आजून वाजी ऱ्हायनी. "बाज्यानी वाघदेवना वाटा दिधा नही. त्याना घरले पानी नही, मीठ नही, विस्तव नही. त्याना घरना विस्तव जो नेई, तो बी त्याना घरना."

झिपरू : मंग चुलीमा काय करतस तुम्ही?

रमिलाबाई : दवंडी पिटली त्या दिवशी चुलीत जो विस्तव होता, तोच अजून आहे. सव्वा महिना झाला. एकदाही विझू दिला नाही.

फुलवंताबाई : सांजले मी राखमा दाबस, सकायले ती फुकस. तिन्हं तोंड देख, काजय लायेल सारखं. फुकनी आणि येशूनं नाव, दोन्ही संगेच चालस. मी इचारस, एकथीन काम व्हत नही का व बाई?

रमिलाबाई : नाही होत. फुंकणीनं विस्तव राहतो. पण प्रार्थना नसली, तर फुंकता फुंकता हिंमतराव पाटलाला शिव्या देते मी. पहिले आठ दिवस तेच केलं. आता त्यांच्या घरातल्या एकेकाचं नाव घेऊन देवाकडं मागणं मागते. अजून जीभ नीट वळत नाही. पण मागते.

फुलवंताबाई : आणि शिव्या मी देस. घरमा एक तरी मानूस पाहिजे ना त्या कामले.

झिपरू : मी निंघस.

रमिलाबाई : थांबा. दवाखान्यातून त्यांची चिठ्ठी आली आहे. कंपाउंडरकडून लिहून घेतलीय.

झिपरू : हात कसा शे त्याना?

रमिलाबाई : हाड बसलंय. रविवारी गाडीनं घरी येताहेत.

झिपरू : प्रभूची स्तुती असो.

रमिलाबाई : पुढचं ऐका, मग म्हणा. वाचते. "रमिलास कळावे. मी घरी आलो की पाटलाकडे जाऊन वाघदेवाचा वाटा देणार आहे. एक कोंबडा आणि पायलीभर ज्वारी. माफीही मागेन. मिशनचे मास्तर मला भेटून गेले. ते म्हणाले, झिपरूदादानेही वाटा दिला नाही, पण त्याच्या घराला कोणी बोट लावले नाही, कारण त्याची प्रार्थना खरी आहे. प्रार्थना मीही केली होती. मला मारले. म्हणजे माझीच खोटी असणार. खोट्या माणसाने देवाच्या नावावर बायको आणि आई उपाशी ठेवू नये." एवढंच आहे.

झिपरू : मास्तरनी असं सांगं त्याले?

रमिलाबाई : धीर द्यायला सांगितलं त्यांनी. म्हसावदच्या उपासनेत तुमची साक्ष ऐकली होती ना. मीही होते तिथं. तुम्ही उभे राहून म्हणालात, "प्रभूने माझ्या घराभोवती कुंपण घातले. आपल्या बाज्याभाऊचा विश्वास कुठेतरी कमी पडला असावा. त्याच्यासाठी प्रार्थना करू या." सगळ्यांनी डोळे मिटले. मीही मिटले.

झिपरू : तुले राग उना नही?

रमिलाबाई : आला. मग वाटलं, खरंही असेल. म्हणून सांगते, उद्याच तळोद्याला जा. त्यांच्या डोक्यावर हात ठेवा आणि प्रार्थना करा. तुमचं देव ऐकतो. माझ्यानं त्यांचं मन फिरणार नाही आता.

झिपरू : माले नको धाडू, रमिला.

रमिलाबाई : का बरं?

झिपरू : कपाशी येचानी शे.

रमिलाबाई : एका दिवसानं कपाशी पळून जाते का? दादा, तो माणूस हात मोडला तरी नाही म्हणाला, आणि आता आपण होऊन चाललाय. तुम्ही नाही गेलात तर कोण जाईल?

फुलवंताबाई : रमिला, याले इचार, याना लंगडा कोंबडा कोठे शे.

झिपरू : काकी.

फुलवंताबाई : मन्ही कोंबडीनं पिल्लू व्हतं ते. काया रंगनं, डावा पायनी दोन बोटं जुडेल. याना बायकोले मीच देयेल. पूजाना दिन मी सरपन लई येत व्हतू. वाघदेवना ठानापाशी पुजारानी टोपली व्हती. तिनामा पाय बांधीसन पडेल व्हता तो. तसा पायना दुसरा कोंबडा या गावमा नही.

रमिलाबाई : आत्याबाई, आणि हे तुम्ही सव्वा महिना पोटात ठेवलंत?

फुलवंताबाई : काय सांगू? तुमना देव, तुमनी मंडळी. माले वाटनं, याले शहाणपन उनं, मन्हा पोऱ्याले उनं नही. वाचनं एक घर, तर वाचू दे. पन सकायले तू ती चिठ्ठी वाची, आते पोटमा ठेवता येत नही. मन्हा पोऱ्या हट्टी शे, येडा शे. खोटा नही.

रमिलाबाई : दादा, वर बघा. हे खरं आहे?

झिपरू : मी दिधा नही. मेहुणा लई गया. मी फक्त खुराडानं दार मोकयं ठेवं, पायलीभर ज्वारी भरीसन दारमा ठेवी आणि नदीवर निंघी गऊ. परत उनू तर दोन्ही नव्हतं. बायकोले मी इचारं नही. तिनी बी सांगं नही.

रमिलाबाई : आणि त्या दिवशी तुम्ही केलेली प्रार्थना? जिनं घराभोवती कुंपण घातलं?

झिपरू : ती करी. देवनी आन, करी. याच आंगनमा बाज्याले मारी ऱ्हायंतात. त्याना आवाज मन्हा घरलोंग येत व्हता. मी कवाड लायेल, गुडघावर बसेल. "प्रभू, मन्हं घर वाचाड," म्हनी ऱ्हायनू. घर तर वाचेलच व्हतं. कोंबडा सकायलेच पोचेल व्हता.

रमिलाबाई : तुम्हाला ऐकू येत होतं.

झिपरू : त्यानी मन्हं नाव लिधं. दोन येळा. "झिपरूदादा" म्हनीसन हाक मारी.

फुलवंताबाई : मारी. मीबी ऐकी.

रमिलाबाई : आणि तरी उपासनेत उभं राहून कुंपणाची साक्ष दिलीत.

झिपरू : मास्तरनी इचारं, "झिपरू, तुझं घर कसं वाचलं?" बठा मन्हाकडे देखी ऱ्हायंतात. मन्हा तोंडमाईन कुंपन निंघी गयं. मंग बाया रडाले लागन्यात, मानसं आमेन म्हनाले लागनात. बाज्याना विश्वास कमी पडना, ते मी काबर बोलनू, माले आजून समजत नही. त्याले लहान करं, तर मी मोठा दिसू, असंच व्हई. आते प्रार्थनाले डोया मिटस, तर तो कोंबडा दिसस. लाज वाटस, रमिला. जेवतांना वाटस, पोरनं तोंड देखतांना वाटस. तुले मीठ आनस, ते बी त्याच लाजनं.

रमिलाबाई : मग उचला ते मीठ.

झिपरू : रमिला.

रमिलाबाई : उचला. सव्वा महिना मी या मिठाबद्दल देवाचे आभार मानत होते. वाटत होतं, निदान एक माणूस भीत नाही. आणि माझा घरधनी तिकडं खाटेवर पडून स्वतःला खोटा म्हणतोय. मार खाताना रडले नव्हते ते. मास्तरांकडून तुमची साक्ष ऐकून रडले असतील.

फुलवंताबाई : मीठ ऱ्हाऊ दे. मीठनी काय करं?

झिपरू : मी उद्या जासू तळोदाले. त्याना कानमा बठं सांगसू. पाय धरसू त्याना.

रमिलाबाई : कानात. आणि परत येऊन?

झिपरू : परत ईसन...

रमिलाबाई : परत येऊन पुन्हा परसातून वाकत मीठ आणाल. त्यांना कळेल की आपण खोटे नव्हतो. पण गावात ते एकटेच राहतील. मंडळीत कुंपण तुमचंच राहील.

झिपरू : फागुनमा मन्ही पोरनं लगीन शे. दवंडी मन्हा नावनी फिरनी, तर सोयरिक आठेच मोडनी. तिना काय गुन्हा शे?

रमिलाबाई : काही नाही. माझ्या सासूचा काय होता? त्या तर येशूचं नावही घेत नाहीत, आणि मुकाट्यानं आळणी खाताहेत.

फुलवंताबाई : मुकाट्यानं नही खाई ऱ्हायनू.

झिपरू : मंग मी काय करू? तूच सांग. आठे बसीसन प्रार्थना करू का?

रमिलाबाई : नको. प्रार्थनेच्या आड पुष्कळ दिवस बसलात. घरी तुमची चूल पेटलेली आहे?

झिपरू : शे.

रमिलाबाई : ती विझवा. आणि माझ्या चुलीतला विस्तव घेऊन जा. ते खापर घ्या. मागून नाही, पुढच्या दारानं. दिवस कलला आहे, माणसं शेतावरून परतायला लागली असतील. चावडीवरून जा, पाटलांच्या ओट्यापुढून. कुणी विचारलं, कुणाच्या घरचा विस्तव, तर सांगा. मग तळोद्याला जाऊन त्यांना काय सांगायचं ते सांगा. ते तुमचं ऐकतील, कारण रविवारी गाडीतून उतरल्यावर त्यांना दुसऱ्या घरालाही तीच दवंडी लागू झालेली दिसेल.

झिपरू : मारतीन माले.

रमिलाबाई : मारतील कदाचित. त्यांना मारत होते तेव्हा मी देवाला म्हणत होते, मार थांबव. नाही थांबला. मग म्हटलं, निदान यांच्या तोंडून कुणाला शिवी जाऊ देऊ नको. ती गेली नाही. प्रार्थनेचं मला एवढंच कळलंय. कुंपणाचं काही कळत नाही.

झिपरू : तू माले माफ करशी का?

रमिलाबाई : आज नाही. पाटलांच्या नावाला आठ दिवस लागले. तुमच्या नावाला जास्त लागतील. तुम्ही आमचे होता.

झिपरू : मंग मन्हाकरता कोनी प्रार्थना करी आज?

फुलवंताबाई : मी करस. माले येत नही, पन करस. कोंबडी तर मन्हीच व्हती ना. ऊठ आते. खापरमा खाले राख टाक, नही तर हात भाजी. हां. तीन निखारा ठेव. वरथून जराशी राख. मधीमधी फुकजो.

झिपरू : तुमना कमी पडी, काकी.

फुलवंताबाई : आमले पुरस. जाय.

झिपरू : या दारनी कडी निंघत नही.

रमिलाबाई : सव्वा महिना त्या दारानं कुणी आलं नाही. गंजली असेल. जोर लावा.

फुलवंताबाई : गया का? मन्हा डोयाले उजेडमा काही दिसत नही. कोनीकडे वयना?

रमिलाबाई : चावडीकडे.

फुलवंताबाई : खरंच?

रमिलाबाई : चिंचेखाली थांबलेत. खापराकडं बघताहेत. आता निघाले. पाटलांच्या ओट्यावरची माणसं उठून उभी राहिलीत.

फुलवंताबाई : वाकीसन चाली ऱ्हायना का आजून?

रमिलाबाई : नाही. नीट चालताहेत. फुंकताहेत मधेमधे.

फुलवंताबाई : आणि वाटमाच विझी गया तर?

रमिलाबाई : विझला तर पुन्हा न्यायला येतील. आपल्याकडं आहे.